वाहनतळाची आखणी आणि पायी चालणाऱ्यांची सुरक्षितता

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात खाटांची संख्या, शस्त्रक्रिया, शिबिरे आणि जमाखर्च यांचा तपशील वाचावयास मिळावा, ही वाचकांची अपेक्षा रास्तच असते. वाहनतळासारख्या विषयास अहवालाची पाने द्यावीत काय, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. परंतु रुग्णालयाच्या आवारातील वाहनतळाची नव्याने आखणी करण्याचा प्रस्ताव सध्या विश्वस्त मंडळाच्या विचाराधीन आहे आणि त्यासंबंधी देणगीदारांकडून दोन प्रश्न आमच्याकडे आले आहेत. पहिला प्रश्न असा की, हाच पैसा वॉर्डासाठी अथवा उपकरणांसाठी का वापरू नये? दुसरा असा की, वाहनतळ करावयाचाच असेल तर मोठ्या शहरांप्रमाणे बहुमजली का करू नये? दोन्ही प्रश्न आस्थेपोटी विचारलेले आहेत. त्यांचे सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

वाहनतळात वावरतात ती माणसे

वाहनतळ म्हटले की वाहने किती मावतील, हाच हिशेब प्रथम केला जातो. वास्तविक तेथे उभे असलेले वाहन कोणास इजा करीत नाही. इजा होते ती वाहन आत येताना, बाहेर पडताना किंवा मागे घेताना. आणि ती होते पायी चालणाऱ्यास. मोटारीने आलेला गृहस्थ दार उघडून खाली उतरला की त्या क्षणापासून पादचारी होतो. एसटीने येऊन स्टॅण्डवरून चालत आलेली वृद्धा, काळीपिवळीतून फाटकाशी उतरलेली गरोदर स्त्री, औषधाची चिठ्ठी घेऊन धावणारा मुलगा, सायंकाळी डबा घेऊन येणारे आप्त, हे सर्व त्याच जागेतून जातात. त्यातही रुग्णालयात येणारा माणूस बाजारात येणाऱ्या माणसासारखा सावध नसतो. कोणाची दृष्टी अधू असते, कोणाच्या पायास प्लास्टर असते, कोणाच्या कडेवर तापाने फणफणलेले मूल असते. जे धडधाकट असतात त्यांचे चित्त आतल्या रुग्णापाशी गुंतलेले असते.

देशातील चित्र यापेक्षा वेगळे नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण कोणतेही वाहन न चालविणारा, केवळ पायी चालणारा होता. अपघातग्रस्तांवर उपचार करणे हे रुग्णालयाचे काम आहेच. त्याच रुग्णालयाच्या आवारात नवा अपघातग्रस्त निर्माण होऊ नये, हेही त्याचेच काम आहे.

मंद वेगाचा फसवा दिलासा

आवारात गाड्या हळूच चालतात, तेथे कसला धोका, असे सहज बोलले जाते. मोटारीने पादचाऱ्याचा बळी घेतल्याची ब्रिटनमधील पहिली घटना या समजुतीस उत्तर देते. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात प्रात्यक्षिकासाठी फिरविल्या जाणाऱ्या मोटारीखाली सापडून ब्रिजेट ड्रिस्कॉल या महिलेचा मृत्यू झाला. ती जागा हमरस्त्यावर नव्हे, एका आवारात होती. आणि चालकाच्या सांगण्यानुसार गाडीचा वेग ताशी अवघा चार मैल, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका होता.

वेगाचे गणित सोपे आहे. समोर माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकास साधारण एक सेकंद लागतो असे धरू. ताशी १० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी त्या सेकंदात सुमारे २.८ मीटर पुढे जाते. ताशी ३० किलोमीटर वेग असेल तर सुमारे ८.३ मीटर. म्हणजे दोन मोटारींच्या मधून अचानक बाहेर आलेले मूल पाच मीटर अंतरावर असेल, तर पहिल्या गाडीस थांबण्याची संधी आहे. दुसऱ्या गाडीचा चालक ब्रेक दाबण्यापूर्वीच मुलापर्यंत पोहोचलेला असतो. शिवाय धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तिप्पट झाला की आघात नऊपट होतो. म्हणून आवारातील वेग ताशी १० किलोमीटरच्या आत ठेवणे, हा आराखड्याचा पाया आहे.

केवळ फलक लावून वेग कमी होत नाही. सरळ, रुंद व मोकळा रस्ता दिसला की चालकाचा पाय आपोआप दाबला जातो. याउलट रस्ता अरुंद असेल, थोड्या अंतरावर वळण असेल, तर गाडी मुकाट्याने हळू होते. गतिरोधक हा उपाय सर्वांना सुचतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्याकडे दिसणारे अरुंद, उभे उंचवटे या मापात बसत नाहीत. हाड मोडलेल्या रुग्णास अशा उंचवट्यावरून नेताना काय यातना होतात, हे त्याच्या आप्तांना सांगावयास नको. त्यामुळे रुग्णवाहिकेच्या मार्गावर गतिरोधक न ठेवता रस्त्याची रुंदी व वळणे यांद्वारेच वेगास आळा घालावा, असे आमचे मत आहे.

बहुमजली वाहनतळाचा विचार

बहुमजली वाहनतळाची कल्पना मोटारीइतकीच जुनी म्हणता येईल. १९०१ साली लंडनमध्ये पिकॅडिली सर्कसनजीक सात मजली वाहनतळ उभारला गेला आणि त्यात मोटारी वर नेण्यासाठी विजेची लिफ्ट होती. मुंबईत भुलाभाई देसाई मार्गावर २०२१ साली २४० मोटारींसाठी २१ मजली स्वयंचलित वाहनतळाचे उद्घाटन झाले. अशा यांत्रिक वाहनतळात चालक गाडी तळमजल्यावर सोडून निघून जातो आणि यंत्र ती वर नेऊन ठेवते. माणूस आत शिरतच नसल्याने आतील अपघाताचा प्रश्न मुळातच मिटतो. ही त्याची मोठी जमेची बाजू होय.

परंतु त्यासाठी लागणारे भांडवल, अखंड वीज आणि यंत्राची देखभाल करणारा कुशल कर्मचारी यांचा विचार केल्यास तो वरोऱ्यासारख्या गावातील धर्मादाय रुग्णालयास परवडणारा नाही. शिवाय आमच्याकडे येणाऱ्या वाहनांत दुचाकींचे प्रमाण मोठे आहे. त्यांना उद्वाहकाची नव्हे, फाटकाजवळच्या सावलीची गरज आहे. राहिला प्रश्न चढउताराचे रस्ते असलेल्या साध्या बहुमजली वाहनतळाचा. तेथे जिना एका कोपऱ्यात असतो आणि माणसे जवळची वाट म्हणून गाड्यांच्या उतारावरूनच चालत येतात. खांबांमुळे दृष्टी अडते, उजेड कमी असतो. जागा वाढते, परंतु जिना व चालण्याची वाट यांची काळजी घेतली नाही तर धोकाही मजल्यांगणिक वाढतो.

मुंबईत २००८ पासून उभारलेल्या स्कायवॉकचा अनुभवही हेच सांगतो. जेथे जिने चढून वळसा घ्यावा लागला, तेथे अनेकांनी खालूनच रस्ता ओलांडणे पसंत केले. पायी चालणारा माणूस जवळची वाट धरतो. तो त्याचा बेशिस्तपणा नव्हे. थकलेल्या माणसाचा तो स्वाभाविक निर्णय आहे. आराखड्याने त्या वाटेस विरोध न करता तीच वाट सुरक्षित करावयास हवी.

आराखड्याचा क्रम

सर्वसाधारणपणे जागेचा नकाशा घेऊन प्रथम गाड्यांच्या रांगा आखल्या जातात व उरलेल्या जागेतून माणसांनी वाट काढावी असे गृहीत धरले जाते. आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवलेल्या प्रस्तावात हा क्रम उलट आहे.

प्रथम माणसांच्या वाटा. फाटकापासून बाह्यरुग्ण विभाग, तातडीचा विभाग, औषधालय आणि आप्तांची निवासव्यवस्था येथवर माणसे ज्या सरळ रेषेत चालतात, त्या रेषा आधी नकाशावर आखावयाच्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पायवाट किमान १.८ मीटर रुंद व अडथळामुक्त असावी, म्हणजे दोन चाकांच्या खुर्च्या एकमेकींस ओलांडून जाऊ शकतात. तिची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी; कड फार उंच असली की वृद्ध माणसे पायवाट सोडून रस्त्यानेच चालतात.

त्यानंतर रुग्णवाहिकेचा मार्ग. तो स्वतंत्र असावा आणि पायवाट त्यास एकाच ठिकाणी छेदावी. त्या ठिकाणी रस्ता पायवाटेच्या पातळीइतका उचलून दोन्ही बाजूंस लांब, सौम्य उतार द्यावा. माणसास खाली उतरावे लागत नाही आणि चालकास ही जागा माणसांची आहे याची जाणीव होते.

तिसरी जागा रुग्णास उतरविण्याची. ऑटो, काळीपिवळी व मोटारी यांनी रुग्णास दारापाशी उतरवून लगेच पुढे जावे. गाडी मागे न घेता पुढूनच बाहेर पडता येईल अशी एकेरी फेरी तेथे हवी. वाहनतळातील सर्वांत धोकादायक हालचाल म्हणजे गाडी मागे घेणे. तीन वर्षांचे मूल जीपच्या मागे उभे असेल तर ते चालकास आरशातही दिसत नाही. म्हणून सबंध आवारात वाहतूक एकेरी ठेवावी, येण्याचे व जाण्याचे फाटक वेगळे असावे, आणि मोटार लावतानाच ती सुरक्षारक्षकाच्या देखरेखीखाली मागे घेऊन लावावी, म्हणजे निघताना तोंड रस्त्याकडे राहील.

चौथ्या क्रमांकावर दिव्यांगांची वाहने. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाच्या २०२१ च्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा किमान दोन जागा प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत व ३.६ मीटर रुंद असाव्यात. ही जादा रुंदी चाकाची खुर्ची दारालगत उभी करण्यासाठी असते. तेथून वर जाणाऱ्या उतारमार्गाचा चढ बारास एक यापेक्षा तीव्र नसावा.

इतके झाल्यावर जी जागा उरेल तीत दुचाकी व मोटारींच्या रांगा. त्यातही पायवाट मोटारींच्या रांगेच्या कडेने, चाके अडविणाऱ्या दगडांच्या पलीकडून जावी. दोन रांगांमधल्या गाड्यांच्या रस्त्यातून नव्हे. ओलांडण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंस उंच गाडी, जाहिरातीचा फलक किंवा गुडघ्याच्या वर वाढलेले झुडूप असू नये.

वरोऱ्याच्या परिस्थितीतील काही बाबी

मानके देशभर सारखी असली तरी जमीन व हवामान सारखे नसते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी सावली नसलेल्या पायवाटेवरून कोणी चालत नाही. माणूस झाडाच्या सावलीतून, गाड्यांच्या फटींतून वाट काढतो. म्हणून पायवाटेच्या कडेने कडुनिंब व करंज लावणे ही शोभेची बाब नसून सुरक्षिततेची बाब आहे. झाडे लावताना दिव्यांचे खांब फांद्यांच्या खाली राहतील असे बसवावे लागतात, अन्यथा रात्री उजेड पानांवर पडतो आणि माणूस अंधारात राहतो. ओलांडण्याच्या जागेवरील दिवे वीज गेली तरी चालू राहतील अशी जोडणी करणे आवश्यक आहे.

आपल्या परिसरातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बसविलेले पेव्हर ब्लॉक दोन पावसाळ्यांत खालीवर होतात आणि काठी टेकीत चालणाऱ्याचा पाय अडखळतो. खालची माती काढून मुरूम व खडीचा चांगला दाबलेला थर देणे खर्चिक वाटले तरी टाळता येत नाही. नालीवरील जाळीच्या फटी काठी किंवा खुर्चीचे चाक अडकणार नाही इतक्या अरुंद ठेवाव्या लागतात.

वरोरा हे नाव १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना करणारे बाबा आमटे आणि त्यांचे आनंदवन यांच्यामुळे सर्वदूर पोहोचले. या भूमीत एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात ठेवावयास हवी. कुष्ठरोगामुळे, तसेच दीर्घकाळच्या मधुमेहामुळे, अनेकांच्या तळपायाची संवेदना नाहीशी झालेली असते. सुटी गिट्टी, काचेचा तुकडा किंवा तापलेली फरशी पायास इजा करते आणि त्यांना ते कळतही नाही. जखम चिघळल्यावरच लक्षात येते. अशा रुग्णांसाठी सपाट, स्वच्छ व सावलीतील पायवाट हा उपचाराचाच एक भाग होय.

फाटक आणि बाहेरचा रस्ता

आवारातील व्यवस्था कितीही चांगली असली तरी फाटकाशी गर्दी झाली की ती व्यर्थ ठरते. वरोऱ्याच्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक, कापसाच्या गाड्या, एसटी आणि हंगामात बैलबंड्याही असतात. पार्किंगची चिठ्ठी देणारी खिडकी फाटकातच असेल तर आत येणारी वाहने रस्त्यावर खोळंबतात आणि पायी येणाऱ्यांना ट्रकच्या बाजूने वळसा घ्यावा लागतो. ती खिडकी फाटकापासून किमान तीन मोटारींच्या लांबीइतकी, म्हणजे सुमारे १५ मीटर आत असावी. पायी येणाऱ्यांसाठी वेगळे छोटे फाटक असावे. बाहेर पडणाऱ्या गाडीने पदपथ ओलांडताना पदपथ खाली न उतरता गाडीनेच वर चढून जावे, अशी पातळी ठेवावी.

चहा व फळांच्या गाड्या फाटकासमोर उभ्या राहतात याबद्दल तक्रारी होतात. तथापि आप्तांना त्यांची गरज असते. त्यांना हटविण्याऐवजी नगर परिषदेच्या अनुमतीने रुग्णालयाच्याच बाजूस एका कडेला जागा मिळाल्यास चहासाठी रस्ता ओलांडण्याचा प्रसंगच येणार नाही.

पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले आणि जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून दाखविले. २०२१ पासून ११ डिसेंबर हा दिवस तेथे पादचारी दिन म्हणून पाळला जातो. पुण्याचे प्रमाण आमच्या गावास लागू होणार नाही. परंतु रस्त्याच्या रुंदीवर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न लहान गावातही तोच आहे.

खर्च, उत्पन्न आणि देखभाल

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्र शासनाच्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीत मोटारीसाठी २.५ × ५ मीटर व दुचाकीसाठी १ × २ मीटर जागा धरली आहे. म्हणजे एका मोटारीच्या साडेबारा चौरस मीटर जागेत सहा दुचाकी राहतात. १.८ मीटर रुंद व ३० मीटर लांब पायवाटेस ५४ चौरस मीटर जागा लागते. ती मिळविण्यासाठी सुमारे चार मोटारींच्या जागा सोडाव्या लागतील. शेकडो माणसांच्या सुरक्षित येण्याजाण्यासाठी चार मोटारी थोड्या दूर उभ्या राहिल्या, तर हा व्यवहार तोट्याचा नाही.

शिवाय प्रस्तावातील बराच भाग कमी खर्चाचा आहे. रांगांची दिशा बदलणे, एकेरी वाहतूक, रंगाचे पट्टे, चाके अडविणारे दगड व झाडे यांस मोठे भांडवल लागत नाही. भांडवली खर्च पायवाटेचा पाया, उंचावलेली ओलांडणी आणि दिवे यांवर होईल. वॉर्डासाठी मिळालेली देणगी या कामाकडे वळविली जाऊ नये, त्यासाठी स्वतंत्र शीर्ष ठेवावे, अशी शिफारस आम्ही प्रस्तावातच केली आहे.

एका बाबीकडे मात्र विश्वस्तांचे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. वाहनतळ ठेक्याने दिल्यास संस्थेस ठरावीक उत्पन्न मिळते. परंतु ठेकेदाराची कमाई वाहनांच्या संख्येवर अवलंबून असेल, तर गर्दीच्या दिवशी पहिली दुचाकी पायवाटेवर उभी राहते आणि महिनाभरात पायवाट दिसेनाशी होते. कोणाची वृत्ती वाईट असते म्हणून हे घडते असे नाही; करारच तसा असतो. म्हणून ठेका द्यावयाचा झाल्यास जागांची कमाल संख्या करारात नमूद असावी आणि पायवाट मोकळी ठेवणे ही अट मोबदल्याशी जोडलेली असावी. पट्ट्यांचा रंग दरवर्षी दिवाळीपूर्वी, म्हणजे पावसाळा संपल्यावर, नव्याने देण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी लागेल. देखभालीविना उभारलेली सुविधा ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते, प्रत्यक्षात ती उरलेली नसते.

नम्र विनंती

देणगीदार बंधुभगिनींना विनंती की, पायवाट, दिवे व वृक्षारोपण यांपैकी एखादा भाग स्वीकारण्याचा त्यांनी विचार करावा. अशा कामावर नावाची मोठी पाटी लागत नाही. परंतु एखादी आजी भर उन्हात कोणाचाही हात न धरता फाटकापासून केसपेपरच्या खिडकीपर्यंत चालत आली, तर ती देणगी सत्कारणी लागली असे समजावे.

रुग्णांच्या आप्तांनाही विनंती आहे. रुग्णास दारापाशी उतरविल्यावर गाडी तेथे उभी ठेवू नये, लहान मुलांचा हात गाड्यांच्या रांगांमध्ये सोडू नये, आणि आवारात जेथे चालताना भीती वाटते ती जागा चौकशी कक्षातील नोंदवहीत लिहून ठेवावी. आराखडा अंतिम करण्यापूर्वी त्या नोंदी विश्वस्त मंडळापुढे ठेवल्या जातील. नकाशा स्थापत्य अभियंता काढील. परंतु कोठे पाय अडखळतो, हे रोज त्या वाटेने चालणाऱ्यांनाच अधिक ठाऊक असते.